गड्याची चोच

नक्कल करायची तर आधी नीट बघावं लागतं. लोकांना वाटतं, मी तोंड वाकडं करतो आणि हशा येतो. तसं न्हाय. आमचे हेडमास्तर बोलायच्या आधी चष्मा वर ढकलून एक आवंढा गिळायचे. तो आवंढा जमला, तवा कुठं हेडमास्तर जमले. इंदापूर स्टँडवरचा कंडक्टर, तहसीलमधला शिपाई, सोलापूरकडनं येणारे ट्रक ड्रायव्हर, सगळे मला येतात. तात्या तेवढे येत न्हाईत. तात्या म्हणजे माझे वडील. हायवेला त्यांचं पंक्चरचं दुकान हाय. "हवा किती?" आणि "झालं." एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. एवढ्याशा मालावर नक्कल उभी राहत न्हाय.

घरात न बोलणारं आणखी एक होतं. कासव.

मी प्राथमिक शाळेत असताना एका ड्रायव्हरनं ते केबिनमधनं काढून तात्यांच्या हातात ठेवलं आणि गाडी काढून गेला. का दिलं ते त्यानं सांगितलं नसणार आणि तात्यांनी विचारलं नसणार. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखं अंग. आई त्याला देव म्हणायची. "देवळात गाभाऱ्यापुढं कासव असतंय, आपल्या हितं मोरीपुढं हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तात्या त्याला गडी म्हणायचे. संध्याकाळी दुकानातनं आले की डिझेलनं आणि मग साबणानं हात धुवायचे, खाटेवर आडवे व्हायचे आणि गड्याला पोटावर घ्यायचे. दोघंही गप्प. त्यांचं चांगलं चाललेलं असायचं.

अशी कासवं घरात ठेवायला बंदी हाय, हे आमाला पुढं कळलं. शेजारच्या काकूंनी मोबाईलवर बघून सांगितलं. सांगताना त्यांनी आवाज इतका बारीक केला, की आईनं घाबरून त्याच दुपारी कासव अंगणातनं आत आणलं. तवापासनं मोरी ते खाट एवढंच त्याचं जग. पालाबी बंद झाला. रोज पाल्याची पेंढी आणताना दिसलो असतो, तर अख्ख्या आळीनं विचारलं असतं, शेळी घेतली का म्हणून. मग आई आपल्या ताटातलंच द्यायला लागली. दुधात कुस्करलेली चपाती, केळं, सणावाराला गूळ. देवाला कोण कडू पाला घालतंय, असं तिचं म्हणणं. खायचाबी तो आवडीनं.

कासवाची नक्कल मला येत होती. मान हळूच बाहेर, एक डोळा मिटायचा, मग तोंड उघडून चट्दिशी घास. दुकानावर चहाच्या वेळेला मी ती करायचो आणि ड्रायव्हर लोक पोट धरायचे. पण चावताना जबडा नेमका कसा हलतो ते मला बसत नव्हतं. म्हणून एक दिवस फरशीवर पालथा पडलो, गाल टेकला आणि त्याच्या तोंडापुढं तोंड नेऊन बघत राहिलो.

आईनं चपातीचा तुकडा टाकला. त्यानं मान काढली, तोंड उघडलं, झडप घातली. तुकडा तितंच. नुसता बोटभर पुढं सरकला. परत झडप घातली, परत सरकला. असं करत तुकडा भिंतीला जाऊन टेकला, तवा कुठं त्याला एक चिमूट मिळाली. तोंड बघितलं तर वरची चोच पोपटासारखी वाकून खालच्या चोचीच्याबी खाली आलेली. खालची दिसतच नव्हती. चोच आडवी आल्यामुळं घास आत जायच्या ऐवजी बाहेर ढकलला जात होता.

रात्री जेवताना मी ही नवी नक्कल केली. आई हसली. तात्यांचा घास हातातच राहिला.

"परत कर," ते म्हणाले.

मी परत केली.

"तोंड मिटतंय का त्याचं?"

"न्हाय."

"मंग पोटात किती जातंय?"

आई म्हणाली, "वाटी तर रिकामी असती रोज." मग तिलाच आठवलं, वाटीतलं सांडलेलं ती रोज फडक्यानं पुसते. जेवण झाल्यावर तात्यांनी गड्याला पोटावर घेतलं आणि बराच वेळ दोन्ही हातांनी नुसतं तोलत राहिले. "हलकं झालंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईनं काकूंना दाखवलं. काकूंनी चोच बघितली आणि हातच जोडले. "वैनी, अवो हे गरुडाचं तोंड हाय. कासव म्हंजी विष्णूचा अवतार, गरुड म्हंजी विष्णूचं वाहन. एकाच पाटावर दोन्ही आलं तुमच्या. नशीब काढलंत." संध्याकाळी त्या पेढा घेऊन आल्या. गड्यानं पेढ्यावर झडप घातली आणि पेढा पुढं गेला. परत घातली, परत गेला. ढकलत ढकलत त्यानं तो काकूंच्या पायापाशी नेला. काकू म्हणाल्या, "बघा, परसाद दिला मला." उचलला आणि खाल्ला.

मी हसलो. आणि मग माझ्याच लक्षात आलं, की गडी उपाशी हाय.

पुढच्या रविवारी तात्यांनी दुकानातनं कानस आणली. ट्यूबला ठिगळ लावायच्या आधी घासायची असते ती, बारीक दातांची. "नखच हाय ते," तात्या म्हणाले. "वाढलं की घासायचं." घासण्यात तात्यांचा हात कुणी धरणार न्हाय. ट्रकची ट्यूब ते डोळे मिटून घासतात. पण ट्यूब मान आत घेत न्हाय. मी पाठ धरली, आईनं पुढं केळं धरलं. मान बाहेर आली, कानस लागली की आत. परत बाहेर, परत आत. चोच गुळगुळीतबी होईना. दुपार तिथंच गेली. शेवटी तात्यांनी वायर तोडायचा कटर मागितला. "टोक तेवढं घेतो."

कट् असा आवाज झाला. टोक उडून मोरीत गेलं. आणि उरलेल्या चोचीवर नाकपुडीच्या दिशेनं तिरपी रेघ वर गेली. रेघेच्या बुडाशी रक्ताचा एक थेंब आला.

आईनं पदर तोंडाला लावला, मग पळत जाऊन हळद आणली. गडी आत गेला तो बाहेरच येईना. तात्या खाटेवर बसून कटरकडं बघत होते. "तोडायला नको व्हतं," एवढंच म्हणाले आणि दुकान उघडायला निघून गेले. रविवारी आमचं दुकान बंद असतं.

बारामतीत कुत्र्या-मांजरांच्या एक डॉक्टरीणबाई हायत, त्या पोपट-कासवंबी बघतात, असं मी मोबाईलवर शोधलं. पण फोन करून सांगायचं काय? आमच्या घरी बंदीचं कासव हाय, नाव-पत्ता लिहून घ्या? म्हणून मी दुकानामागं जाऊन पुण्याच्या एका ताईच्या आवाजात फोन लावला. "हॅलो डॉक्टर, ॲक्चुअली माझ्या एका फ्रेंडकडे टॉर्टॉइज आहे ना, तर त्याची चोच जरा जास्तच लाँग झालीये."

"खाताना घास पुढं ढकलतो का?"

"हो ना."

"खायला काय देते तुमची फ्रेंड?"

"मिल्क. आणि चपाती."

"आणि ऊन?"

"ऊन... नाही."

"घरी कापायचा प्रयत्न केलाय का?"

मी काही बोलणार एवढ्यात टँकर येऊन थांबला आणि ड्रायव्हर ओरडला, "ए पोरा, मागली जोडी बघ रं, आवाज येतोय." आणि माझ्या तोंडातनं माझ्याच आवाजात निघालं, "आलो, आलो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या फ्रेंडला सांगा, चोचीला तडा गेला असेल तर तो वर सरकत जातो. उद्याच घेऊन या. आणि येताना आवाज कुठलाही आणा, चालेल मला."

घरी सांगितल्यावर आई आडवी आली. "नेलं की ते काढून घेत्यात. परत देत न्हाईत. तुमच्यावर केस झाली तर दुकान कोण बघायचं?" तात्या भिंतीकडं बघत होते. "हितं ठेवलं तर राहतंय का?" ते म्हणाले. आई आत गेली. तिनं जुना टॉवेल घडी करून दिला.

मी मोटारसायकल चालवत होतो, तात्या मागं, मांडीवर ट्यूबचा खोका, त्याला भोकं पाडलेली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. निमगावात एका ट्रॉलीमागं अडकलो, तर शेजारी दुकानावर येणारं एक गिऱ्हाईक उभं. "तात्या, खोक्यात काय?"

"ट्यूब."

खोक्यातनं खरखर खरखर आवाज आला. तो वाकून बघायला लागला. "ट्यूब हलतीया की वो."

मी म्हणालो, "नवीन आलीय मामा, आपली आपण भरून घेती हवा." मामा हसला आणि ट्रॉली पुढं सरकली. जंक्शन गाव येईपर्यंत मला वाटत होतं, तात्यांना निदान हसू आलं असेल. आरशात बघितलं. टॉवेलखाली हात घालून बसले होते.

डॉक्टरीणबाई तशा तरण्याच होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ती फ्रेंड?" मी मान खाली घातली. मग त्यांनी गड्याला टेबलावर घेतलं आणि पुढं काही थट्टा केली न्हाय. चोच बघितली, तडा बघितला. "हे कुणी कापलं?"

"मी," तात्या म्हणाले.

त्यांनी खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. तो दबला. "काका, बघा. हाड असं दबायला नको. कॅल्शियम नाही आणि ऊन नाही. चोच वाढलीय ती मऊ खाण्यामुळं, झिजायला काही मिळालंच नाही तिला. पण जबडा मऊ झालाय, ते जास्त वाईट आहे."

तात्यांनी बोट पुढं केलं आणि आपणबी एकदा, अगदी हळू, दाबून बघितलं. रबर त्यांना कळतं. त्यांनी हात लगेच मागं घेतला.

दाताच्या डॉक्टरांकडं असतं तसलं बारीक मशीन त्यांनी काढलं. मान दोन बोटांत नीट धरली आणि घासायला लागल्या. जरा घासायचं, थांबायचं, पाण्याचा थेंब लावायचा, तोंड मिटतंय का बघायचं, परत जरा. तडा जितं संपत होता तितं त्यांनी टोकाशी गोल घासलं, म्हणजे तो वर जाणार न्हाय. सगळी चोच एकदम खाली आणली न्हाय. "उरलेली पुढच्या वेळी. आत जिवंत भाग असतो," म्हणाल्या. तात्या टेबलाच्या कडेला वाकून बघत होते. तसं वाकून मी त्यांना फक्त लहान पोरांच्या सायकलीचं काम करताना बघितलंय.

मग त्या म्हणाल्या, "इंजेक्शनं लागतील, खास दिव्याखाली ठेवावं लागेल. पुढं पाला द्यायचा तो खरबरीत शहाबादी फरशीवर, म्हणजे चोच झिजेल, आणि चोच घासायला, कॅल्शियमला समुद्रफेणाचा तुकडा, सगळं आहे. पण काका, हे मी तुम्हाला घरी नाही देऊ शकत. वनखात्याला कळवावं लागतं. त्यांच्याकडून ते उपचाराच्या केंद्रात जाईल."

"जगंल का?"

"मी खोटं नाही बोलणार. जबडा कडक व्हायला लागला तर जगेल."

वनखात्याचा माणूस आला. बरा होता, घाईत होता. त्यानं तात्यांच्या काळ्या नखांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "रस्त्यात सापडलं ना? सगळ्यांना रस्त्यातच सापडतं. असू द्या, तसंच सांगू." सुटकाच होती ती. मी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं.

"न्हाय साहेब," तात्या म्हणाले. "सापडलं न्हाय. माझ्या घरात व्हतं. हे पोरगं बारकं व्हतं तवापासनं."

"अहो, मग केस होईल तुमच्यावर."

"होऊ द्या. पण रस्त्यात सापडलं म्हनलं तर तिकडच्या डॉक्टरला काय कळंल? त्यांना वाटंल रानातलंच हाय, पाला खाऊन वाढलंय. ते तसंच औषध देतील." तात्या बोलतच राहिले. एका दमात एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दूध-चपाती किती वर्षं दिली, केळं कधी, गूळ कधी. अंगणातनं आत कधी आणलं, मोरीत ऊन येतं का, तर येत न्हाय. घास ढकलायला लागलं ते पोराला कसं दिसलं. कटर कुठला वापरला. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. वनखात्याचा माणूस खुर्चीवर बसला.

शेवटी तो म्हणाला, "साहेबांना विचारतो. बोलावलं तर यावं लागेल."

"येतो की," तात्या म्हणाले. त्यांनी टॉवेल गड्याखालीच राहू दिला आणि रिकामा खोका काखेत मारून बाहेर आले. घरी आईनं दारातच विचारलं, तवा त्यांनी चोचीचं, इंजेक्शनचं, दिव्याचं सगळं सांगितलं. परत देणार न्हाईत, हे मला सांगावं लागलं.

या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले. वनखात्यानं अजून बोलावलेलं न्हाय, बोलावणार न्हाय असंबी सांगितलेलं न्हाय. डॉक्टरीणबाईंनी एकदा कळवलं, की पुढं पाठवलंय, तिकडचे लोक फोन करतील. आई फोनच्या आवाजाला दचकते. तिला केस दिसते. तात्यांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला, की ते हातातला पान्हा खाली ठेवतात, हात पुसतात, फोन कानाला लावतात, आणि समोरच्यानं नाव सांगायच्या आत विचारतात, "खातंय का?"

बहुतेक वेळा पलीकडं लोन देणारी पोरगी असती. ती म्हणते, "सर?" तात्या म्हणतात, "न्हाय, काय न्हाय," आणि परत चाकापाशी बसतात.