वूयुएची भिंत आणि भीमराव

भीमराव ओव्हाळांच्या पायाला भिंगरी होती. ओमानमधल्या रुस्ताकजवळच्या कोरड्या नदीकाठी, खजुरांच्या बागा पुरापासून वाचवायला, आम्ही तारेच्या जाळीत दगड भरून लांबलचक भिंत बांधली होती. ते साइट इंजिनिअर, मी त्यांच्या हाताखाली. डोंगरावर ढग दिसला की हा माणूस हातातला घास टाकून गाडी काढायचा. का, ते फक्त मला ठाऊक होतं. वळणावरच्या वीस मीटरांत पाया खडकापर्यंत पोचलाच नव्हता. अर्बाबचं, म्हणजे कंपनीच्या मालकाचं, 'यल्ला, यल्ला', लवकर आटपा, चालू होतं. 'खडक लागला' असं लिहून आम्ही दोघांनी सह्या ठोकल्या होत्या, आणि पेन आधी मी उचललं होतं.

१९९८ साली त्यांच्या जागी जाफर हा ओमानी इंजिनिअर आला. महिन्याभरात सगळं त्याच्या हवाली करून भीमरावांनी गावी परतायचं होतं.

"रुपेश, सांगू का त्याला?" ते दिवसातून दहादा विचारत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणे. "अनुभवाचा दाखला तरी हातात पडू द्या."

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या आमच्या घरी बुद्धवंदना झाली. वंदनेनंतर कोणीतरी मुलांना गोष्ट सांगायची, असा आमचा रिवाज. भीमरावांनी चीनमधल्या वूयुए या छोट्या बौद्ध राज्याची गोष्ट काढली, हजार वर्षांपूर्वीची. सांगतानाही त्यांना बसवेना. खिडकी ते दार फेऱ्या चालल्या होत्या. चोरून मीठ विकणारा एक माणूस तिथे राजा झाला. भरतीचं पाणी शहरात घुसू नये म्हणून त्याने बांबूच्या पिंजऱ्यांत दगड भरून भिंत घातली. गाढ झोप लागू नये म्हणून तो गोल लाकडी उशी घ्यायचा. त्याच्या नातवाने चौऱ्याऐंशी हजार छोटे स्तूप घडवले. मग उत्तरेकडचा सोंग घराण्याचा सम्राट बळावला, शेजारची राज्यं एकेक करून पडली, तेव्हा नातवाने लढाई न करता राज्य त्याला देऊन टाकलं. सत्तर वर्षांचा कारभार संपला, पण माणसं वाचली.

माझी नऊ वर्षांची भावना मध्येच म्हणाली, "अंकल, मग त्या न्यू किंगला त्याने सांगितलं का, वॉल कुठे वीक आहे ते?"

भीमराव थांबले. "ते काही लिहिलेलं नाही, बाळा," म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. मला पोरीचा भयंकर राग आला.

शनिवारी त्यांनी जाफरला वळणावर नेलं आणि सगळं लेखी दिलं. जाफर चिडला, ओरडला, मग खोदायला माणसं लावली. दाखला मिळालाच नाही. 'खलास' म्हणत अर्बाबने त्याच आठवड्यात भीमरावांना विमानात बसवलं.

ते गेल्यावर जाफरने मला बोलावलं. त्याच्यासमोर जुना सह्यांचा कागद होता आणि शेजारी भीमरावांचं पत्र. त्यात लिहिलं होतं, 'रुपेश नको म्हणत होता. मी दटावून त्याची सही घेतली.'

"असंच झालं ना?" जाफरने विचारलं.

मी हो म्हणालो. त्यानंतर आठ वर्षं मी तिथेच नोकरी केली.