तानुबाईचं आळणी ताट

ललितानं सासूची सेवा करावी तशी कोणी करत नाही, असं वलगाव म्हणतं. गावाला काय जातं म्हणायला! ती बाई सासूला जगवत होती ती सूड उगवायला.

वीस वर्षांपूर्वी तिचं तान्हं लेकरू तापानं फणफणलं. अमरावतीला नेऊ म्हणून ती रडली, तर सासू, तानुबाई, दारात आडवी झाली. "ताप काय कोनाले येत नाही? नाटकं नोको करू." नवऱ्याला, जानरावला, आईपुढं तोंड नव्हतं. लेकरू गेलं. वर या म्हातारीनं गावभर केलं, की आईच्या दुधातच खोट होती. आता 'चूक माझी होती' एवढं तानुबाईनं चार बायकांसमोर कबूल करावं, यासाठी ललिताचा जीव अडकला होता.

आणि म्हातारी तर निघायच्या बेतात! जुनी शुगर, पाय सुजलेले. लघवीतून प्रोटीन जातंय, किडनी सांभाळा, नाहीतर डायलिसिसची पाळी येईल, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं. ललितानं कंबर कसली. भाजी आळणी, लोणचं-पापड बंद, शुगर-बीपीच्या गोळ्या स्वतःच्या हातानं. गुडघ्यासाठी म्हातारीनं दुकानातून दुखण्याच्या गोळ्या गुपचूप मागवल्या, तेव्हा ललितानं दुकानदाराच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. त्या गोळ्यांनी उरलीसुरली किडनीही गेली असती. शेजारची केशरबाई पदराआडून ठेचा घेऊन आली, तिलाही अंगणातूनच पिटाळलं.

परवाच्या तपासणीत दुखणं होतं तिथंच थांबलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, नशीब काढलं, अशी सून मिळाली."

घरी येताच तानुबाईनं ताट लोटलं. "हे असं खान्यापरीस मेलेली बरी!"

"मरू देत नाही तुमाले," ललिता कडाडली. "माह्या लेकराचं खरं बोला पयले, मंग खुशाल मरा."

तानुबाईनं ताट परत ओढून घेतलं.

"ते मी बोलली, का तू मले वाऱ्यावर सोडशीन," ती म्हणाली. "मंग मले कोन पाह्यते? नाही बोलत मी."

म्हणजे थेरडीला सगळं कळत होतं. ताट उचलून उकिरड्यावर भिरकावावं, असा संताप ललिताला आला. पण गोळीची वेळ झाली होती. ती पाणी आणायला उठली.