शरदकाकांचं पहिलं मत

काकूंचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "मेधा, हे गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नक्की?" ...स्वतःचीच लाज वाटली. पण शरदकाकांच्या शेजारात आठ वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! कुठलीही बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न हाच.

काका मूळचे नागपूरचे. टेलिफोनच्या कामातले इंजिनिअर म्हणून आयर्लंडला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. डोक्यात कायम संशयाचा किडा. डॉक्टर रिपोर्ट बघून "ग्रँड" म्हणाले, की संध्याकाळी माझ्या दारात हजर. "ग्रँड म्हणजे नेमकं किती बरं? हे लोक मोडक्या छत्रीलासुद्धा ग्रँड म्हणतात." विचारांनी जुन्या वळणाचे. घर, देवधर्म, मोठ्यांचा मान, यात तडजोड नाही. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या पलीकडच्या आजींशी त्यांचं माझ्यापेक्षा जास्त पटायचं.

काकांना इथलं नागरिकत्व मिळाल्यावर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली, तेव्हा मला वाटलं, आता प्रश्नच नाही. एक उमेदवार अगदी काकांच्या मनातलं बोलत होता. तोच येणार असं सगळीकडे म्हणत होते, आणि मीही त्याच्या प्रचाराला दारोदार फिरत होते. काका त्याची एकेक मुलाखत वही घेऊन ऐकायचे. "सगळं पटतंय," एकदा म्हणाले, "म्हणूनच शंका येते. घर जपा म्हणतो. त्यात आपलं घर धरतो का, ते विचार." त्याच सुमारास बसस्टॉपवर एका माणसाने त्यांना 'तुझ्या देशात परत जा' असं तोंडावर सुनावलं होतं. त्यामुळे त्या प्रश्नाला मी हसू शकले नाही. "विचारते," मी म्हणाले.

सभेत उमेदवार भेटला, हातही मिळवला. पण खरं सांगते, मला धीरच झाला नाही. नको ते उत्तर आलं असतं तर? परत आले आणि म्हणाले, "विचारलं, काका. 'तुम्ही इथलेच' म्हणाले."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ह्याच शब्दांत?"

"हो हो! पुरे आता उलटतपासणी."

मतदानाला मीच त्यांना शाळेत घेऊन गेले. इथे नावांपुढे पसंतीप्रमाणे आकडे घालायचे, एक, दोन, तीन, एवढंच गाडीत समजावलं. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल असते, ती त्यांनी हातात धरली नाही. खोडता येते म्हणे! स्वतःचं पेन काढलं. बाहेर आले ते समाधानी दिसले. कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. काही आठवड्यांनी हृदय बंद पडलं. इतकं अचानक, की मला अजून राग येतो.

तेरावा झाल्यावर काकूंकडे गेले. त्या चहा टाकत होत्या. म्हणाल्या, "एक विचारू? ह्यांनी तुझ्या उमेदवारापुढे नुसतं दोन लिहिलं होतं. एक कुणालाच नाही. म्हणाले, पूर्ण भरवसा वाटेल त्यालाच एक द्यायचा, आणि तसा कागदावर कुणी नव्हता. चाललं ना गं ते मत?"

'चाललं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही काकू. एक लिहिलेला नसेल तर मत बाद होतं. मीच त्यांना नीट सांगितलं नाही. आणि... त्या सभेत मी काही विचारलंच नव्हतं. ते उत्तर मी ठोकून दिलं."

काकूंनी गॅस बारीक केला. "ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मी म्हटलं, मग विचारा ना तिला. तर म्हणाले, नको. आपणहून सांगेल. तिच्यावर माझा भरवसा आहे."