वाकळीत शिवलेली ऊब

काकाजींच्या डाव्या पायातला लोकरी मोजा मी काढला आणि तो हातात धरून तशीच बसले. घोट्याच्या वर मोठा फोड आला होता, पाण्याने टच्च भरलेला. आणि काकाजी माझ्याकडे बघून हसत होते.

"दुखते का, काकाजी?"

"काईच नाई मॅडम. एकदम मस्त हाय."

आमच्या कामात 'दुखत नाही' ही दर वेळी चांगली बातमी नसते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आदिलाबादच्या एका खासगी दवाखान्यात काम करते आणि होम व्हिजिटसाठी आजूबाजूच्या गावांतही जाते. गावांत मला 'कसरतवाल्या मॅडम' म्हणतात. आधी चिडायचे, आता सोडून दिलंय. काकाजी गुडीहत्नूरकडचे, कापूस-ज्वारी पिकवणारे. पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. शुगर त्याच्या आधीपासूनची. घरात ते आणि मावशी, दोघंच. मुलगा महेश हैदराबादला नोकरीला.

काकाजींची माझ्याकडे एकच मागणी होती. पहिल्याच दिवशी मावशी पाणी आणायला आत गेल्या तेव्हा हळूच म्हणाले होते, "मले वावरात नाई जाचं आता. फकस्त न्हाणीपर्यंत माह्या पायानं जाऊ द्या. हिच्या हातानं हे सारं करून घ्याची लाज वाटते."

त्या एका वाक्यापायी मी त्यांना घाम फोडत होते. दिवाळीनंतर ते वॉकर धरून उभे राहू लागले. आता पाऊल टाकायची वेळ आली होती, आणि नेमका हा फोड. मला खरं सांगायचं तर रागच आला.

"मावशी, पाय शेकला का यांचा? शेगडी ठेवली होती जवळ?"

"नाई वं माय."

"गरम पाण्याची पिशवी? विटकर तापवून?"

"तुमीच नाई म्हनलं होतं ना. नाई देल्ला शेक."

मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण पाय तर काही वेगळंच सांगत होता. फोडाच्या वर, पोटरीभर, जाळीसारखे तपकिरी डाग होते. एकाच जागेला रोज रोज ऊब लागली की कातडीवर असे डाग उठतात. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांच्या नडग्यांवर मी ते पाहिलेत. म्हणजे हे काही एका दिवसाचं काम नव्हतं.

मी अंथरुणात हात घातला. काकाजींच्या अंगावर नवीकोरी वाकळ होती, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेली जाड गोधडी. अशा थंडीत प्रत्येक घरात असते. ही मात्र आतून गरम होती, आणि पायथ्याशी तर हात ठेववेना. शिवणीतून एक काळी वायर बाहेर आली होती आणि पलंगामागच्या बोर्डात गेली होती. मी आधी बटण बंद केलं, मग प्लग ओढून काढला.

"हे काय आहे, मावशी?"

"महेशनं धाडलं. करंटची चादर. थंडीत बाबाले कामी येईन म्हने."

"ती वाकळीत कशी गेली?"

मावशींचा चेहरा खुलला. कौतुकाने सांगू लागल्या, "लय गुळगुळीत होती नं. रातभर घसरून खाली पडे. यायले डाव्या हातानं वर ओढता येत नाई, अन् मी झोपली का उठत नाई. म्हून वाकयीत घालून शिवली. आता कुठं जाते? पायाले जास्त थंडी वाजते म्हून तिकडून दुमडून घेतली."

मी वाकळ काकाजींच्या पायावरून बाजूला केली.

इलेक्ट्रिक ब्लँकेट म्हणजे दोन कापडांमधून नागमोडी फिरवलेली बारीक वायर. ते सपाट पसरून वापरायचं. दुमडलं की एकाच जागी दुप्पट उष्णता होते. वरून लुगड्यांचे थर असले की ती उष्णता बाहेर पडत नाही, आत कोंडते. आणि मावशींनी तर बोटभर जागाही मोकळी न सोडता सुईने टाके घातले होते. त्यातला एखादा टाका वायरवर बसला असता तर काय झालं असतं, ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

मी आधी दवाखान्यात फोन लावला. आमचे डॉक्टर कमी बोलतात.

"फोड फुटलाय?"

"नाही सर."

"फोडू नका. स्वच्छ पट्टी बांधा आणि आजच घेऊन या. शुगरचा पाय आहे, उद्यावर टाकू नका."

दुसरा फोन महेशला. त्याने ऐकलं आणि आईवरच घसरला. "तिले कोनी सांगतलं शिवाले? मॅडम, भारीवालं घेतलं होतं मी. त्याच्यात ऑटो-कट हाय."

ऑटो-कट म्हणजे जास्त तापलं की आपोआप बंद होण्याची सोय.

"महेश, तुझ्या बाबांच्या पायात ऑटो-कट नाही," मी म्हणाले. "आपल्याला चटका बसला की आपण पाय ओढून घेतो. त्यांना चटका कळतही नाही आणि पाय ओढताही येत नाही. अशा माणसाच्या अंगावर हे घालायचंच नसतं. आईवर ओरडू नको. घेताना तूही विचारलं नाहीस."

त्याचा आवाज उतरला. मग म्हणाला, "निघतो मी."

फोनवरचं सगळं मावशी ऐकत उभ्या होत्या. पण त्यांना पटलं नव्हतं. "कळत नाई कसं? पायाले हात लावला का ओयखतात ना हे."

सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. मी दोन स्टीलचे पेले मागवले. एकात गार पाणी, दुसऱ्यात कोमट. कोमट पेला आधी माझ्या मनगटावर लावून पाहिला. काकाजींना डोळे मिटायला सांगितले आणि पेले उजव्या पायाला लावले. "हा थंडा. हा गरम." बरोबर. मग डावा पाय. गार पेला लावला, कोमट लावला, पुन्हा गार लावला.

काकाजी डोळे मिटूनच म्हणाले, "लावा ना मॅडम. मी तयार हाय."

मावशी पलंगाशी येऊन बसल्या. मग वाकळीचं टोक मुठीत धरून म्हणाल्या, "म्हंजे म्या रोज यायले चटके देल्ले? हरेक टाका यायच्यासाठी घातला वं बाई म्या."

पुस्तकात भाजण्यावर अख्खा धडा आहे, पण यावर काय बोलायचं ते त्यात नाही. मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकाजी उजवा हात लांबवून त्यांना चाचपत म्हणाले, "काऊन रडून राह्यली? दुखलं तरी का मले?" त्यावर तर त्या जास्तच रडल्या.

ऑटो बोलावला आणि आम्ही निघालो. जखम वरून दिसत होती त्यापेक्षा खोल निघाली. ड्रेसिंग, इंजेक्शनं, शुगर सांभाळणं, सगळं मागे लागलं. पाय वाचेल ना, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाचीच होत नव्हती. पाय वाचला. पण तोवर ज्वारी काढून झाली, थंडी सरली, आणि इतके दिवस उभं न राहिल्याने घोटा आखडला. आम्ही पुन्हा पलंगाच्या काठावर बसण्यापासून सुरुवात केली. काकाजी कुरकुरले नाहीत. मीच एकदा-दोनदा वाटेत गाडी थांबवून चिडून घेतलं.

घरी आल्यावर मावशींनी सगळ्यात आधी ती वाकळ उसवली. करंटची चादर महेशने कापून फेकून दिली. लुगडी मात्र मावशींनी पुन्हा शिवली, यावेळी आत काहीच न घालता.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मी गेले. धुकं इतकं की अंगणातलं काही दिसेना. आत बघते तर काकाजी शाल पांघरून खुर्चीत बसलेले, आणि पलंगावर वाकळ ओढून मावशी झोपलेल्या.

"मावशी! बरं नाही का?"

त्यांनी तोंड बाहेर काढलं. "काई नाई झालं. जागा गरम करून राह्यली. आधी माह्ये पाय, मंग त्यायचे."

कुठलाही शेक पेशंटला देण्याआधी स्वतःच्या अंगावर तपासून बघा, असं आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. आम्ही मनगटावर तपासतो. मावशींनी सगळं अंगच लावलं होतं. तेव्हापासून लकव्याच्या प्रत्येक घरी मी आधी अंथरुणात हात घालते आणि मगच पेशंटला 'कसं आहे' विचारते.

"चला मॅडम," काकाजी म्हणाले आणि वॉकर धरून उभे राहिले. मी मागे, हात न लावता. आधी वॉकर, मग पाऊल, पुन्हा वॉकर. न्हाणीच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी मला बाहेरच थांबवलं आणि दार आतून लोटून घेतलं.

मी मागे वळून पाहिलं. मावशींनी वाकळ पुन्हा तोंडावर ओढून घेतली होती. ते परत येईपर्यंत जागा गार होऊ द्यायची नव्हती.