आण्णांची दरी

आमच्या शेजारचे आण्णा महाबळेश्वरला जायचे ते भर पावसात, जेव्हा तिथले घोडेवालेसुद्धा घरी बसलेले असत. साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांची नोकरी. गाळप सुरू असताना रजा नाही, उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं. मोकळीक मिळायची ती पावसाळ्यात. निवृत्त झाले तरी गडी वेळ बदलेना. "शीजनला माणूस कारखान्यावर असतो," एवढंच म्हणायचे.

गाडी माझी, त्यामुळे या तपश्चर्येत मीही दरवर्षी ओढला जायचो. मागच्या सीटवर आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मांडीवर भाकरी-खर्ड्याचा डबा घेऊन. तिथं पोचावं तर बाजारपेठ बंद, दुकानांवर प्लॅस्टिकचे कागद बांधलेले, हॉटेलातल्या गाद्या ओलसर. आण्णा मात्र खूश. मालकालाच विचारायचे, "पावणं, गिऱ्हाईक न्हाय म्हणून चहा पातळ करायचा व्हय?" आणि स्वतःच स्वयंपाकघरात शिरून आलं ठेचायला लागायचे. संध्याकाळी तो मालक आमच्याच डब्यातला खर्डा खात, नाक पुसत बसलेला असे.

मग पॉइंट. कठड्याशी उभं राहिलं की समोर नुसतं पांढरं धुकं. शेजारचा माणूस दिसेल तर शपथ. आक्का डोक्यावर पदर ओढून म्हणायच्या, "अवो, दरी कुठं हाय?"

"ही काय समोर. दिसत न्हाय, पर हाय की." आणि आण्णा मिटलेल्या छत्रीनं दाखवत सुटायचे. "हितनं खाली नदी. पलीकडं डोंगर. लई मोठा, आपला पन्हाळा त्याच्या खिशात बसंल."

"आण्णा, तुम्ही तरी बघितलाय का तो?" मी एकदा विचारलंच.

"बघाय कशाला लागतंय?"

ती दरी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढी एकच हौस आक्कांना होती. "आता काय मेल्यावर बघू?" असं त्या दरवर्षी घाट उतरताना विचारायच्या. गेल्या पावसाळ्यात आण्णांनी अखेर शब्द दिला, "दिवाळी झाली की जाऊ. कारखाना चालू असू दे न्हायतर बंद." उभ्या जन्मात त्यांनी एवढी माघार घेतली नव्हती. पण दिवाळीच्या आधीच आण्णा गेले, झोपेतच. मला ते फार लागलं. त्यांचा शब्द आपणच पुरा करावा असं वाटत राहिलं.

म्हणून थंडीत मीच आक्कांना घेऊन गेलो. आभाळ स्वच्छ, कठड्यापाशी ही गर्दी. नदी, डोंगर, सगळं लख्ख समोर. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतात.

"एवढीच व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी दाखवली ती लई मोठी होती."

गाडीत बसल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि मला बजावलं, "पुढच्या खेपंला पावसातच येऊ."