आवाज जुळत नाही

माझे हात थरथरतात, म्हणून माझ्या मुलीने, शुभाने, कॉम्प्युटरवरचा किल्ल्याचा खेळ माझ्या आवाजावर चालेल असा करून दिला. हुकमाचे शब्द तेवढे माझे हवे होते.

"बाबा, शिपायाला बाहेर पाठवायला काय म्हणाल?"

"चालता हो!" शब्द आपसूक बाहेर पडले.

"केवढ्याने ओरडलात! घाबरला असेल बिचारा," ती हसली.

पडद्यावरचा दरवाजा उघडला. शिपाई मागे न बघता धुक्यात गेला. काही शब्द एकदाच उच्चारले तरी पुरतात. ऐकणारा ते जन्मभर विसरत नाही.

"आता परत बोलवा त्याला."

"परत ये," मी म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो. 'आवाज जुळत नाही,' एवढेच पडद्यावर उमटत राहिले.

"अहो, मघाच्याच आवाजात म्हणा ना!"

त्या आवाजात हे शब्द मी कधीच म्हटले नव्हते. उघड्या दरवाजातून धुके आत येऊ लागले होते.

"शुभा, तुझा दादा आपणहून घर सोडून गेला नव्हता. मीच त्याला 'चालता हो' म्हणालो होतो."

माउसवरचा तिचा हात जागीच थांबला. माइक चालू होता. पडद्यावर अक्षरे आली: 'समजले नाही. पुन्हा बोला.'