भ्यायचं ते तारखेला

कोर्टाचा कागद हातात आला की हिराजीकाका आधी घामेजलेले तळवे पँटीला पुसायचे आणि मग तो शेवटच्या पानापासून, खालून वर वाचायला लागायचे. "वर समदे आपापली गानी गातात, बाय. खरं काय ते सहीच्या जवल आसतं," ते म्हणायचे. बेलापूरच्या कोर्टात वकिलांचा कारकून म्हणून उभा जन्म काढलेला माणूस कागदाला इतका भितो, हे पाहून पहिल्याच भेटीत मीही घाबरले. कारण तो कागद माझा होता.

आमची शिरवण्याला एक खोली. वडिलांनी बाजारात माथाडीचं काम करून घेतलेली. वडील गेले आणि चुलतभावाने ती आपली म्हणून दावा लावला. मी तीन तारखा बुडवून मुद्दाम वेळ काढते, असं म्हणत कोर्टाने माझ्यावर 'कॉस्ट' बसवली. म्हणजे समोरच्याचा खर्च पुढच्या तारखेपर्यंत मी भरायचा, नाहीतर माझी बाजू ऐकलीच जाणार नाही. बाजू गेली की खोली गेली. त्या खोलीत माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला उचलून नेणार कुठे?

सोसायटीतले शहाणे म्हणाले, "डायरेक्ट वरच्या कोर्टात अपील टाक, टेन्शन कशाला घेते?" काका ज्यांच्याकडे काम करायचे त्या आमच्या वकीलबाईंनीही अपीलच टाईप करून ठेवलं होतं. मी सही करायला वाकले, तर काकांनी पेनच धरून ठेवलं.

"बाई, ही कॉस्ट कशाची? खोट्या दाव्याची का उशिराची?"

"काका, कॉस्ट ती कॉस्ट," वकीलबाई वैतागल्या.

"तिथंच तं मेलो मी," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग त्यांनी सांगितलं. नवीन कारकून असताना दिवाळे गावची चांगुणाबाई त्यांच्याकडे आली होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, आणि दीर होडीवर हक्क सांगत होता. तिच्यावरही उशिराची कॉस्ट बसली. काकांनी कागदावर 'कॉस्ट' वाचलं आणि वकिलाला विचारण्याआधीच अपिलाची फाईल बांधली. खोट्या दाव्याच्या कॉस्टवर अपील चालतं, उशिराच्या कॉस्टवर नाही. नाव एक, दारं दोन. अपील परत आलं तोवर तारीख उलटली होती, खर्च भरलेला नव्हता, आणि कोर्टाने चांगुणाबाईला बोलूच दिलं नाही. होडी दिराकडे गेली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आदी खर्च भरायचा, हरकत राखून, म्हंजे हुकूम मान्य नाय आसं लिवून, तारकेच्या आत. मंग दार वलखायचं. चूक कागदावरच दिसत आसेल तं त्याच जजाकडं फेरविचाराचा अर्ज. नसेल तं हायकोर्टात रिट. पन अपील नाय!"

वकीलबाईंनी पुस्तक काढलं, वाचलं, आणि अपील फाडलं. मोठ्या मनाची बाई. मग काकांनी रोज काय घडलं ते टिपलेला कोर्टाचा रोजनामा मिळवला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ लावली. माझ्या नावावर मांडलेल्या तीनपैकी दोन तारखांना खुद्द न्यायाधीशच रजेवर होते! मी आनंदाने ओरडले, तर काकांनी माझ्या तोंडासमोर हात धरला. "नाचू नको. अजून तारीख हाय." खर्च मी मुदतीत भरला आणि वकीलबाईंनी त्याच न्यायाधीशांकडे फेरविचाराचा अर्ज टाकला.

सुनावणीच्या दिवशी ते बाहेरच्या बाकावर बसून होते, सकाळपासून चहाही घेतला नव्हता. त्यांच्याकडे पाहून मलाच त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. न्यायाधीशांनी रोजनामा वाचला, समोरच्या वकिलाचं ऐकून घेतलं आणि कॉस्टचा हुकूम मागे घेतला. माझी बाजू जिवंत राहिली. काकांनी डोळे पुसले. "भ्यायला पायजेच, बाय. पन जजाला नाय, तारकेला."

त्यांची स्वतःची भीती मात्र सुटली नव्हती. दर शुक्रवारी ते दिवाळ्याला जाऊन चांगुणाबाईकडून मावरं, म्हणजे मासळी, घ्यायचे. होडी गेल्यापासून ती दुसऱ्यांची मासळी विकायला बसायची. ती सांगेल तो भाव, घासाघीस नाही. "तिला वाटतं वकिलाचं चुकलं," ते मला म्हणायचे. "माजं हाय म्हनून कललं तं?" हे विचारताना त्यांचे तळवे पँटीवर फिरायचे.

खोलीचा निकाल यंदा आमच्या बाजूने लागला. तो ऐकायला काका नव्हते. दोनच महिने आधी गेले. त्यांच्या दहाव्याला चांगुणाबाई आली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि न राहवून विचारलं, "मावशी, तुमच्या होडीच्या केसमध्ये नेमकं काय झालं होतं?"

"हिराजीनं चुकीचा कागूद टाकला," ती सहज म्हणाली. "परत आला तवाच मना कललं."

मी थक्क झाले. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत त्यांना?"

तिने पदराने तोंड पुसलं. "पयल्यांदा लय राग व्हता. मंग बघितलं, आदीच केवरा भियाचा तो. बोलले असते तं मावरं घ्याला परत आला नसता."